ठेवलेली जागा

“किती वाजता निंगशीन गा?”

पोराने हेल्मेट काढायच्या आतच जयवंताबाईंनी प्रश्न टाकला. पोरगा नवीन होता. जुनी पोरं गेटातून आत शिरतानाच बोटांनी वेळ दाखवत, त्यांना विचारायची गरज पडत नसे. हा मात्र बावचळला. गाडी लावायला आलेल्या माणसाला त्याची परतायची वेळ कोणी विचारतं का, असा भाव त्याच्या तोंडावर होता.

“लायब्ररीत बसतो. पाच वाजतीन.”

“मंग भिंतीजवळ लाव. मेन स्टँडवर. अन् हँडल लॉक नको करू.”

“अन् गाडी गेली तं?”

“मी कुठी चालली?” बाई म्हणाल्या.

पोराने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. साडीवर खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, डोक्याला पांढरा दुपट्टा, सत्तावन्न वर्षांची सडपातळ बाई. विश्वास ठेवू नये असं काही त्याला सापडलं नसावं. त्याने हँडल सरळ ठेवलं आणि लायब्ररीची वाट धरली.

नागपुरात अमरावती रोडवरच्या त्या विद्यापीठात परीक्षा भवनापुढे दुचाकींचा जो स्टँड आहे, तो दीडशे फूट लांब आणि ऐंशी फूट रुंद. त्यात चारशे गाड्या मावल्या तरी डोक्यावरून पाणी. जयवंता गजभिये तिथे सहाशे बसवत. शिवाय दुपारी कोणाला निघायचं असलं, तर त्याची गाडी काढायला दुसरी एकही गाडी हलवावी लागत नसे. यात जादू नव्हती. पाचला निघणारे भिंतीला, पेपरवाले त्यांच्यापुढे, आणि फॉर्म भरायला तासाभरासाठी आलेले अगदी बाहेर. गाडी साइड स्टँडवर लावली की ती कोपर काढून बसलेल्या माणसासारखी शेजाऱ्याची जागा खाते, म्हणून प्रत्येक गाडी मेन स्टँडवर. हँडल लॉक केलं की ते वाकडं राहतं आणि गाडी सरकवताही येत नाही, म्हणून लॉक नाही. सहाशे माणसं रोज आपल्या गाड्या अशा उघड्या टाकून जात आणि बारा वर्षांत एकही गाडी गेली नव्हती.

ही विद्या त्यांना नवऱ्याकडून मिळाली होती, आणि तीही फुकटात, जेवणाच्या ताटावर. बळीराम नागपूरजवळच्या वाडी गावी ट्रान्सपोर्ट गोडाउनमध्ये ट्रक भरायचा. अकोल्याला उतरायचा माल आधी चढवायचा, अमरावतीचा त्याच्यानंतर, आणि कोंढाळीचा सर्वांत शेवटी, म्हणजे वाटेत कुठेच अख्खा ट्रक उपसावा लागत नाही. घरी आला की तो हेच बोलायचा आणि बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. तो गेला, त्या या कामावर लागल्या, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की नवऱ्याचं सगळं बोलणं आपल्या कानात जसंच्या तसं शिल्लक आहे. तेव्हा त्या एका मोटारसायकलच्या आडोशाला बसून थोडं रडल्या होत्या. मग उठून त्यांनी रांगा लावायला घेतल्या.

एवढ्या दाटीतही एक पट्टा त्या मोकळा ठेवत. परीक्षा भवनाच्या पायऱ्यांना लागून, साठ फूट लांब, आठ फूट रुंद. पेपर साडेनऊचा आणि दार बंद व्हायचं दहाला. दहा वाजेपर्यंत त्या पट्ट्यावर कुलगुरूंची गाडी आली असती तरी बाईंनी शिट्टी मारली असती. तो पट्टा उशिरा येणाऱ्यांचा होता. साडेनऊनंतर जे कोणी धापा टाकत येई, त्याने तिथे गाडी सोडायची, चावी बाईंकडे फेकायची आणि पळायचं. गाडी जागेवर लावणं बाईंचं काम.

यामागे एक मुलगी होती. गोपिका तिचं नाव, काटोलकडच्या एका गावची. बाईंना नोकरीत दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. ती पावणेदहाला आली, वडिलांची जुनी गाडी घेऊन. रस्त्यात पंक्चर झालं होतं. स्टँड भरलेला होता, मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि बाईंनी तिला मागच्या गेटला जायला सांगितलं. नियमच तसा होता. मागचं गेट म्हणजे पाऊण किलोमीटर. पोरगी तिथे गाडी लावून पळत आली तेव्हा दार बंद झालं होतं. मग ती बाईंच्याच खुर्चीशेजारी भिंतीला टेकून बसली. रडली नाही. पाणी मागितलं, प्यायली, आणि जाताना म्हणाली, “मावशी, तुमची काई चुकी नाई.”

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बाई आठ दिवसांत विसरल्या असत्या. हे वाक्य मात्र त्यांना दहा वर्षं पुरलं.

तर आता जे घडलं ते असं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बांधकाम विभागाचे जितेंद्र साहेब टेप आणि वही घेऊन आले. जितेंद्र पस्तिशीचा कनिष्ठ अभियंता, नागपूरच्या जुन्या महाल वस्तीतला. ज्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाला उलटं जावं लागतं अशा गल्लीत वाढलेला, म्हणून विद्यापीठाने पार्किंगचा नवा आराखडा त्याच्याकडे दिला असावा, असं त्याचेच सहकारी चिडवत. तीन दिवस तो बरोबर साडेनऊला, म्हणजे स्टँड सर्वांत भरलेला असताना, परीक्षा भवनाच्या गच्चीवर उभा राहून मोजणी करणार होता.

साहेब लोक मोजायला येणार म्हटल्यावर बाईंना वाटलं, तपासणी आहे. मागे बाहेरची टीम आली होती तेव्हा आठ दिवस आधी झाडांच्या बुंध्यांना गेरू फासला होता, तसंच काहीतरी. पाहुणे यायच्या दिवशी एखादी बाई घर जसं आवरते तसा त्यांनी तीन दिवस तो स्टँड आवरला. पाठीचा काटा ढिला झाला. गाडीला गाडी चिकटवून, दोन फुटांत एक गाडी बसवून, त्यांनी एक अख्खी रांग वाचवली. म्हणजे पायऱ्यांजवळ आठ फुटांऐवजी चक्क सोळा फुटांचा पट्टा मोकळा झाला. गच्चीवरून साहेबांनी खाली पाहून अंगठा वर केला, तेव्हा बाईंनी लाजून दुपट्टा सारखा केला.

पंधरा दिवसांनी जितेंद्र एक गुंडाळलेला कागद घेऊन आला आणि मोठ्या आनंदाने त्याने तो एका गाडीच्या सीटवर पसरून दाखवला. दोन-दोन फुटांचे सहाशे चौकोन, प्रत्येकाला नंबर. आणि पायऱ्यांजवळ सात मोठे चौकोन, वर छप्पर.

“हे काय होय साहेब?”

“अधिकाऱ्यांच्या मोटारी. तिथं शेड येईन.”

“हे तं उशिरावाल्यांची जागा आहे.”

जितेंद्रने कागदावरून मान वर केली. तीन दिवस मी पाहिलं मावशी, तो म्हणाला, तिथे एकही गाडी नव्हती. ऐन गर्दीच्या वेळेला नव्हती. आठ फूट असती तर मोटार बसलीच नसती, पण सोळा फूट मोकळी पाहिली म्हणून तर समितीने शेड मंजूर केली. गुरुवारी सकाळी समिती जागा पाहायला येणार, सही झाली की काम सुरू.

बाईंनी कागदावरच्या त्या सात चौकोनांवरून बोट फिरवलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. शेडची जागा कोणी हिसकावून घेतली नव्हती. ती त्यांनीच तीन दिवस घाम गाळून, झाडून-पुसून साहेबांच्या पुढ्यात ठेवली होती.

घरी त्यांनी मुलाला सांगितलं. धम्मदीप वाडीलाच एका गोडाउनमध्ये सुपरवायझर होता, बापासारखाच कमी बोलणारा. त्याने भाकरी संपवली, हात धुतला आणि मग तोडगा सांगितला.

“गुरुवारी हात नको लावू तू. खुर्चीवर बसून राय. सहाशे गाड्या दोन-दोन फुटांत कशा बसते, ते पाहू दे त्याइले.”

बाईंना ते पटलं. रात्रभर कूस बदलत त्यांनी ते पुन्हा पुन्हा पटवून घेतलं.

गुरुवारी सकाळी त्या खुर्चीवर बसल्या आणि हात मांडीवर ठेवले. शिट्टी खिशात. पोरं येऊ लागली, सवयीने बोटं दाखवू लागली, बाईंनी नुसतीच मान हलवली. पाच मिनिटं सगळं ठीक होतं. मग एकाने साइड स्टँडवर लावली. त्याच्या शेजारी दुसऱ्याने तिरपी लावली. मावशी काही बोलत नाहीत म्हटल्यावर पायऱ्यांजवळचा पट्टा चुटकीसरशी भरला, कारण सावली तिथेच होती. सव्वानऊपर्यंत चारशे गाड्यांत स्टँड तुडुंब झाला आणि बाकीची पोरं रस्त्यावर हॉर्न वाजवत उभी राहिली. जितेंद्र नऊलाच येऊन उभा होता. त्याने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा स्टँडकडे, आणि घाम पुसला. समितीने नऊची वेळ दिली होती, म्हणजे ती दहापर्यंत येणार नव्हती, हे विद्यापीठातल्या कुत्र्यालाही ठाऊक असतं.

“मावशी, तब्येत बरी नाही का?” त्याने विचारलं.

“बरी आहे,” बाई म्हणाल्या आणि बसून राहिल्या.

खरं तर त्यांच्या हातांना कळ लागली होती. एखादी लाल स्कूटर आडवी लावलेली दिसली की बोटं आपोआप वळत. पण समिती येऊन हा गोंधळ पाहीपर्यंत बसायचं, एवढं अर्धा-पाऊण तासाचंच काम होतं. तेवढं जमलं असतं तर पट्टा वाचला असता.

नऊ चाळीसला मेघा आली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, चष्मेवाली, बाई तिला तीन वर्षं ओळखत होत्या. ओढणीचं टोक तोंडात धरून तिने गाडी थेट पायऱ्यांकडे वळवली आणि तिथे भिंत असावी तशी थांबली. पट्टा भरलेला होता. तिने रस्त्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि मग बाईंकडे पाहिलं. तिचा चेहरा एवढंच विचारत होता की मावशी, आज जागा काहून नाही.

बाई उठल्या. उठायचं की नाही हे ठरवायला त्यांना वेळच मिळाला नाही, पाय आधी उठले.

“दे चाबी. पळ.”

“मावशी, गाडी कुठी...”

“पळ वं माय. मी आहे ना.”

मेघा पळाली. बाईंनी तिची गाडी हातात घेतली, आणि एकदा उठलेली बाई परत बसणार कशी? शिट्टी खिशातून तोंडात गेली. पुढच्या वीस मिनिटांत जे जितेंद्रने पाहिलं ते तो आजही कॅन्टीनमध्ये नव्या माणसाला सांगतो. ओरडणं नाही, धावपळ नाही. बाईंनी रस्त्यावरच्या पोरांना आधी हाताशी घेतलं, पट्ट्यावरच्या गाड्या एकेक करून काढल्या, साइड स्टँडवरच्या गाड्या मेन स्टँडवर चढवल्या. कोणती गाडी कोणाची आणि तो कधी निघतो हे त्यांच्या डोक्यात होतं. जी गाडी ओळखीची नव्हती तिच्या इंजिनाजवळ हात धरून, ती किती तापली आहे यावरून कधीची आली आणि कधी जाईल याचा त्या अंदाज घेत होत्या. हँडल लॉक असलेल्या गाडीचं मागचं चाक उचलून ती इंच-इंच फिरवत होत्या. दहाला दार बंद झालं तेव्हा सहाशे गाड्या रांगेत होत्या, रस्ता मोकळा होता, आणि पायऱ्यांजवळ आठ फुटांचा पट्टा स्वच्छ रिकामा पडला होता.

सव्वादहाला समिती आली. पाच माणसं, पुढे अध्यक्ष. त्यांनी त्या नेटक्या रांगांवरून नजर फिरवली, पट्ट्यापाशी थांबले आणि म्हणाले, “हीच ना ती रिकामी जागा? उत्तम आहे.” ती आठ फूट आहे की सोळा, हे कोणी मोजलं नाही.

बाई कडुलिंबाखाली उभ्या होत्या. श्वास अजून खाली बसला नव्हता. आपण हरलो, हे त्यांना लख्ख कळलं, आणि आश्चर्य म्हणजे फार वाईट वाटलं नाही. आत मेघा पेपर लिहीत होती.

तेवढ्यात जितेंद्र बोलला. वरिष्ठांपुढे तो सहसा बोलत नसे, आणि बोलला तर पाठ केल्यासारखं बोले.

“सर, ही जागा रिकामी नाही. ठेवलेली आहे.”

मग त्याने सांगितलं. आपली मोजणी कशी चुकली ते सांगितलं, दोन फुटांत गाडी कोणाच्या हाताने बसते ते सांगितलं, आणि अर्ध्या तासापूर्वी आपण इथे काय पाहिलं तेही सांगितलं. आपल्याच आराखड्याची सालं स्वतः काढणारा अभियंता त्या समितीने बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल. अध्यक्ष माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी बाईंना जवळ बोलावलं आणि दहा वर्षांत इथे किती जण उशिरा आले, असं विचारलं.

“मोजले नाई साहेब,” बाई म्हणाल्या. “परत एकही नाई गेला, एवढं मले माईत आहे.”

अध्यक्षांनी पायऱ्यांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. शेड दुसरीकडे करा, ते म्हणाले. पण जितेंद्र, सहाशे गाड्यांचा कारभार एका बाईच्या भरवशावर कायमचा चालवता येणार नाही. आराखडा असा पाहिजे की बाई असो वा नसो, चाललं पाहिजे. तेही काही खोटं नव्हतं.

मे महिन्याच्या उन्हात जितेंद्र आठ दिवस बाईंच्या शेजारी बसला, वही मांडीवर घेऊन. बाई सांगत होत्या, तो लिहीत होता. कोणत्या विभागाचा तास कधी सुटतो, सोमवारी लायब्ररीत गर्दी काहून जास्त असते, सावली बाराला कुठे जाते. नवऱ्याच्या ट्रकपासून त्यांनी सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी जितेंद्रने पेन खाली ठेवलं.

“मावशी, एक बोलू? हे सगळं मी जमिनीवर आखलं ना, तं मंग इथं माणूस ठेवाची गरज नाही राहत. तुमाले कामावर ठेवणारे एजन्सीवाले पयले तुमचंच नाव कापतीन.”

हे बाईंना पहिल्या दिवशीच कळलं होतं. बारा वर्षं गाड्या लावणाऱ्या बाईला, कोण कधी निघणार, हे कळत नसेल काय?

“पट्टा राहीन ना?”

“राहीन.”

“मंग लिव्हा,” बाई म्हणाल्या. “मंगळवारचं सांगाचं राहिलं.”

नोव्हेंबरात हिवाळी परीक्षा सुरू झाल्या तेव्हा बाईंचं काम सुटून महिना झाला होता. खाकी शर्ट आणि शिट्टी परत करायची राहिली होती, ती द्यायला त्या आल्या. अंगावर घडीची निळी साडी, हातात पिशवी. सुरक्षा कार्यालयात शर्ट जमा झाला. शिट्टी जुनी आहे, असू द्या तुमच्याकडेच, असं तिथला माणूस म्हणाला.

जाताना पाय स्टँडकडे वळले. जितेंद्रने काम चोख केलं होतं. चौकोन आता अडीच फुटांचे होते, भिंतीच्या रांगेपुढे जमिनीवर पिवळ्या रंगात ‘पाचनंतर’ असं लिहिलेलं, त्यापुढे ‘बारानंतर’, अगदी बाहेर ‘एक तास’. आणि पोरं खरोखर ते वाचून गाड्या लावत होती. काही वाकड्या, काही साइड स्टँडवर, पण रांगा होत्या. पायऱ्यांजवळ तिरप्या पट्ट्या मारलेली साठ बाय आठची जागा, तिथे पाटी. उशिरा येणाऱ्या परीक्षार्थींसाठी. कृपया रिकामी ठेवावी. बाईंनी पाटी दोनदा वाचली. डोक्यातलं सगळं असं उन्हात पसरलेलं पाहून त्यांना पापड वाळत घातल्यावर वाटतं तसं समाधान वाटलं, आणि जरा उघडंही वाटलं.

पावणेदहा झाले होते. एक मुलगी गेटातून भरधाव आली. बाईंना ती ओळखीची नव्हती, पहिल्या वर्षाची असावी. तिने पाटी वाचली, पट्ट्यात गाडी घातली, स्टँड लावला आणि पळत सुटली. चार पावलांवर थबकली, मागे वळली, हँडल वळवून लॉक केलं, चावी काढून खिशात टाकली आणि पुन्हा पळाली. बाईंच्या जवळून गेली तेव्हा तिचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं. का असावं? दार अजून उघडं होतं आणि ती आत गेली.

बाई तिच्या गाडीजवळ गेल्या. साइड स्टँडवर होती, हँडल डावीकडे वळून लॉक. हँडल सरळ करणं आता कोणाच्याच हातात नव्हतं. त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली, निळ्या साडीचा पदर कमरेला खोचला, मागचं हँडल धरलं आणि पायाने दाबून गाडी मेन स्टँडवर घेतली.

बाजूला वीतभर जागा झाली. त्यांनी पिशवी उचलली आणि गेटाकडे निघाल्या.